मदत हवी आहे: गणपतीला जाणाऱ्यांची यादी गूगल शीटवर आणायची आहे, घरचे दाद देत नाहीत

नमस्कार मंडळी,

आमचा गणपती गावी, राजापूर तालुक्यात. मुंबई, डोंबिवली, पुणे, बडोदा मिळून वीस-बावीस माणसं जातात. कोण कधी निघणार, गौरी-विसर्जनापर्यंत कोण थांबणार, वर्गणी कोणाची आली, हे सगळं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरतं, म्हणजे ठरत नाही. "आम्ही तिघं येतोय, सोनूचं अजून नक्की नाही" हा आत्याचा मेसेज गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गेला की पुन्हा शोधतो कोण? निघायच्या आठवड्यात सोनूचं नक्की होतं आणि तिकीट नसतं.

पूर्वी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे जुलैच्या मध्यात सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसायचं. एका तिकिटावर सहाच जण. चौघांनी एकदम बुकिंग लावायचं तर कोणाच्या तिकिटावर कोण, हे आदल्या रात्री पक्कं हवं.

म्हणून शीट केली, लिंक टाकली. भावंडांनी भरली. काकाने लिंकला अंगठा दिला आणि खाली ग्रुपवरच लिहिलं, "आमचे दोन धर." मामी म्हणते, "माझा हात लागून सगळ्यांचं उडालं तर?" बडोद्याच्या दादाने ती डाउनलोड करून एक्सेलमध्ये भरली आणि 'गणपती फायनल नवीन २' नावाने परत ग्रुपवर टाकली.

आणि नाना. वर्गणी, भटजींची दक्षिणा, नैवेद्याचा शिधा, सगळा हिशोब वर्षानुवर्षं त्यांच्या लाल वहीत. शीटचं नाव काढलं तर म्हणाले, "माझ्या वहीत काय चूक सापडली?" आता यावर काय बोलणार!

त्यांची वही मला बंद करायची नाहीये. माणसांची यादी तेवढी एका जागी हवी. घरच्यांना अशी सवय कोणी लावली असेल तर कशी लावली ते सांगा. 'तूच सगळं भर' हा सल्ला नको, सध्या तेच चाललंय.

रातांबा:
मोठ्यांना शीट दाखवूच नका. इतके रकाने बघून माणूस बिचकतो. गूगल फॉर्म करा: किती जण, जायची तारीख, यायची तारीख, बस्स. फोटो-बिटो मागू नका, फाइल मागितली की लॉगिन मागतो आणि तिथेच निम्मे गळतात. नावं-वयं आधीच भरलेली लिंक पाठवता येते, म्हणजे ओळखपत्रावरचं स्पेलिंग तुमच्या हातात राहतं. उत्तरं आपोआप शीटमध्ये येतात. मूळ शीट इतरांना फक्त बघायला ठेवा, मामींची भीती संपली. लिंक ग्रुपवर पिन करा, ३० दिवसांपर्यंत वर ठेवता येते.

आणि आधार नंबर त्या शीटमध्ये कुणी टाकायला लागलं तर ताबडतोब काढा. 'लिंक असेल त्याला दिसेल' म्हणजे खरोखर कुणालाही दिसेल.

कोपऱ्यातला टेबल:
तुमचा अडसर मामी-काका नाहीत, नाना आहेत. बाकीचे त्यांच्याकडे बघून ठरवतात. आमच्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वर्गणीला हेच झालं. शेवटी वही तशीच ठेवली. दर रविवारी आजोबा पानाचा फोटो पाठवायचे, पुतणी शीटमध्ये उतरवायची आणि त्यांना फोन करून बेरीज जुळवून घ्यायची. ते "बरोबर" म्हणाले की मगच ग्रुपवर. पुढे लोक पैसे पाठवून आजोबांनाच विचारायला लागले, "शीटमध्ये चढलं का?" मग त्यांनीच नातवाकडून ती मोबाइलवर घेतली. लिहीत अजून वहीतच आहेत, बघतात मात्र शीट.

धागाकर्ता:
नानांकडून बेरीज तपासून घ्यायची, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच फोन करतो. रातांबा, आधीच भरलेली लिंक म्हणजे प्रत्येक घराला वेगळी, ना? आणि फॉर्म भरल्यावर सोनूचं पुन्हा बदललं तर?

रातांबा:
हो, घरागणिक वेगळी. भरल्यानंतर उत्तर बदलू द्यायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू करा. पण ती बदलायची लिंक आत्या जपून ठेवतील असं वाटत नाही. सोनूला सरळ फोन करा.