‘वसाहत’ स्वतंत्र झाली म्हणजे नेमकं कोण?

पाटीपेन्सिल

भाचीचा अमेरिकेच्या इतिहासाचा प्रकल्प चालू आहे. तिच्या वहीतलं वाक्य: ‘१३ वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध बंड करून स्वातंत्र्य मिळवले.’ मला विचारते, “मावशी, वसाहत म्हणजे आपली पोलीस वसाहत आहे तशी?” हसले खरी, पण मग उत्तर देता येईना. शिवाय दुसऱ्या एका पुस्तकात याच प्रकरणाला ‘स्वातंत्र्ययुद्ध’ म्हटलंय आणि तिसऱ्यात ‘राज्यक्रांती’. मुलीने लिहायचं काय?

कोरा कागद

भाची अगदी बरोबर आहे! वसाहत हा ‘वसणे’च्या घरातला शब्द. कुठून तरी माणसं येऊन वसली की वसाहत. पोलीस वसाहत, कामगार वसाहत, औद्योगिक वसाहत, सगळीकडे तेच. १६०७ साली जेम्सटाउनला इंग्रज उतरले ते घरं बांधून राहायलाच. त्या १३ ठिकाणांना हा शब्द मापाने शिवल्यासारखा बसतो.

घोळ होतो तो भारताला ‘ब्रिटिशांची वसाहत’ म्हणताना. इथे वसायला कोण आलं होतं? राज्य केलं, पेन्शन घेतली, बोटीत बसून परत गेले. आपल्याकडे ‘वसाहतीचे स्वराज्य’ (साम्राज्यात राहूनच आपला कारभार आपण करायचा) हा शब्दप्रयोग होता, तो आठवा. त्याचा नमुना होता कॅनडा, ऑस्ट्रेलिया, म्हणजे गोरे जिथे जाऊन वसले ते देश. १९२९च्या लाहोर अधिवेशनात ते मागे टाकून पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. आपल्यासारख्यांना ‘अंकित देश’ हा शब्द जास्त खरा, पण आता फार उशीर झालाय.

घाटाखालचा

हा घोळ मला एकदा चांगलाच भोवलाय. अल्जीरियावरच्या एका लेखाचं मुद्रितशोधन करत होतो. त्यात वाक्य होतं: ‘वसाहतकारांनी फ्रान्सविरुद्ध सशस्त्र लढा उभारला.’ व्याकरण शुद्ध, म्हणून मी पुढे गेलो. अंक छापून आल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की अर्थ साफ उलटा झालाय.

अल्जीरियात वसाहतकार म्हणजे तिथे जाऊन राहिलेले सुमारे १० लाख युरोपीय. त्यांना फ्रान्सला चिकटूनच राहायचं होतं. १ नोव्हेंबर १९५४ला लढा सुरू केला तो तिथल्या अरब आणि बर्बर (उत्तर आफ्रिकेतले मूळ रहिवासी) लोकांनी. १९६२ला देश स्वतंत्र झाला आणि बहुतेक वसाहतकार सामान बांधून निघून गेले. अमेरिकेत मात्र साम्राज्याशी लढले ते वसाहतकारच; आणि ज्यांची जमीन होती, त्यांना त्या स्वातंत्र्यातून काही मिळालं नाही. ‘वसाहत स्वतंत्र झाली’ हे वाक्य दोन्हीकडे चालतं, कर्ता मात्र पार बदलतो.

म्हणून माझी सवय: ‘वसाहतकार’ म्हणजे येऊन वसलेले, आणि दुसऱ्यांना सरळ ‘तिथले लोक’. ‘वसाहतवासी’ लिहू नये, त्यात दोघेही शिरतात.

तीन ताल

बंड की युद्ध, हे बोलणारा कोण यावर ठरतं. तिसऱ्या जॉर्जने ऑगस्ट १७७५मध्ये जाहीरनामा काढून त्याला अधिकृतपणे बंडच ठरवलं होतं. म्हणजे भाचीच्या वहीत राजाचा शब्द आलाय. आपण १८५७ला बंड, उठाव, समर असं काय काय म्हणतो, त्यातलाच प्रकार.

जुळा योगायोग पाहा. अमेरिकेतलं युद्ध १७७५ ते १७८३ आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२. आपल्या त्या युद्धाला बंडही कोणी म्हणत नाही नि स्वातंत्र्ययुद्धही नाही, कारण पुण्याचं राज्य तेव्हा कंपनीच्या ताब्यात नव्हतंच. दोन सत्ता भिडल्या की नुसतं ‘युद्ध’. एक सत्ता दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेली असली की मग नावावरून भांडण. (आणि १७८१ला यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडेच आला. १७९२ला श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडके त्याच्या जोडीला होते.)

घाटाखालचा

बंड तरी बरं. फ्रान्स कितीतरी वर्षं अल्जीरियातल्या युद्धाला युद्धच म्हणत नव्हता. ‘घटना’, ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ असलं काहीबाही. त्यांच्या संसदेने कायद्यात ‘युद्ध’ शब्द घातला तो १९९९ साली! पोर्तुगाल त्याच्याही पुढे. १९५१ला त्यांनी ‘वसाहत’ शब्दच पुसून ‘सागरापारचे प्रांत’ केलं. त्यात गोवाही आलाच. म्हणजे कागदोपत्री गोवा वसाहत नव्हताच म्हणे. गोव्यात आजही १९ डिसेंबरला ‘मुक्तिदिन’ म्हणतात, स्वातंत्र्यदिन नाही.

बाभूळबन

इंडोनेशियात डचांनी १९४७ आणि १९४८ला सैन्य घातलं, त्याला ते ‘पोलीस कारवाई’ म्हणत. मी नांदेडकडचा, वाचून दचकलोच. आमच्याकडे सप्टेंबर १९४८साठी म्हातारी माणसं ‘पोलीस ॲक्शन’ असंच म्हणतात. ‘अमका पोलीस ॲक्शनच्या साली जन्मला’ वगैरे. तीही सैन्याचीच होती. प्रकरण वेगळं, हैदराबाद कुणाची वसाहत नव्हतं, हे मान्य. पण सैन्याला पोलीस म्हणायची युक्ती तीच. १७ सप्टेंबरला आता मुक्तिसंग्राम दिन म्हणतात, तरी आजीच्या तोंडी ॲक्शनच राहिली.

कोरा कागद

‘राज्यक्रांती’ राहिलीच. मला तो शब्द आवडतो, कारण तो जेवढं झालं तेवढंच सांगतो. राजा गेला, प्रजासत्ताक आलं, म्हणजे राज्य पालटलं. समाज? गुलामगिरी होती तशीच चालू राहिली. हैतीत उलट. १७९१ला गुलामच उठले, नेपोलियनच्या फौजेला पुरून उरले आणि १ जानेवारी १८०४ला फ्रान्सपासून मोकळे झाले. तिथे मागचं ‘राज्य’ काढून नुसती ‘क्रांती’ म्हणावं.

आणि कृपा करून कोणी ‘वासाहतिक’ लिहू नका. ‘वसणे’ला संस्कृतची वृद्धी (‘व’चा ‘वा’ करणं) कशाला? ‘वसाहती’ म्हटलं की झालं: वसाहती राजवट, वसाहती कायदे.

तीन ताल

‘वसाहती कायदे’ म्हणजे हाउसिंग सोसायटीचे कायदे वाटतात हो. मी वासाहतिकच लिहिणार.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. शेवटी वहीत गेलं ते असं: ‘उत्तर अमेरिकेत जाऊन वसलेल्या, मुख्यतः इंग्रज, लोकांच्या १३ वसाहतींनी १७७५ ते १७८३ या काळात ब्रिटनशी युद्ध करून स्वातंत्र्य मिळवले. राजाने याला बंड म्हटले.’ तिथे आधीपासून राहणाऱ्यांची ओळ पानावर मावेना. ती नकाशाखाली लिहिणार आहे, नकाशा थोडा वर सरकवून.