कनेक्टिंग फ्लाइट आणि मधले ते तास : तुमचे अनुभव

लेओव्हर म्हटलं की पोटात गोळा येणारे माझ्यासारखे बरेच असतील. जे होईल असं वाटलं होतं ते झालंच नाही, भलतंच काहीतरी झालं, असे अनुभव इथे लिहा. नियम माहीत असतील तर तेही सांगा, पुढच्याला उपयोग होईल. सुरुवात मी करते.

आई पहिल्यांदाच एकटी परदेशी निघाली होती. गुडघेदुखी आणि भाषेची अडचण, म्हणून तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगितली होती. मध्ये दोन तासांचा थांबा. पहिलं विमान तासभर उशिरा सुटलं आणि आमची झोपच उडाली. आई कुणाला काय विचारणार? प्रत्यक्षात विमानाच्या दारातच एक मुलगा तिच्या नावाची चिठ्ठी घेऊन उभा! व्हीलचेअरची नोंद तिकिटावर असते, त्यामुळे उतरायच्या आधीच तिथल्या लोकांना ती कळलेली असते. त्याने आईला कर्मचाऱ्यांच्या लिफ्टने नेलं, सिक्युरिटीच्या वेगळ्या रांगेतून काढलं, गेटवर बसवलं आणि दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली : दहा मिनिटं आहेत. मग तिची बाटली भरून आणून दिली. त्याच विमानातून उतरलेली धडधाकट माणसं मात्र धापा टाकत येत होती. त्या मुलाला आई अजून आशीर्वाद देते.

---

माझं बरोब्बर उलट. अमेरिकेत चार तासांचा थांबा, म्हणून मी निर्धास्त. पण तिथे नुसतं ट्रान्झिट (देशात न शिरता विमान बदलणं) असा प्रकारच नाही. पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन. बॅगेला शेवटच्या शहराचा टॅग असला तरी सहसा ती तिथेच पट्ट्यावरून उचलायची, कस्टम्समधून न्यायची, पलीकडे पुन्हा द्यायची. मग परत सिक्युरिटी. इमिग्रेशनची रांग हलता हलेना. गेटवर पोचले तेव्हा काचेपलीकडे विमान उभं होतं, पण दार बंद झालेलं. मला रडूच फुटलं. काउंटरवरच्या बाईंनी पीएनआर बघितला आणि पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास छापून हातात ठेवला. एक पैसाही न घेता, कारण दोन्ही विमानं एकाच तिकिटावर होती. ज्यासाठी रडले ते दोन मिनिटांत निस्तरलं.

---

वरच्या ताईंच्या अनुभवातला 'एकाच तिकिटावर' हा भाग सगळ्यांनी नीट वाचा. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, तर पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीला काही देणंघेणं नसतं. सामान घ्यायला बाहेर पडावं लागलं तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. माझ्या भावाला याच कारणावरून निघतानाच विमानात चढू दिलं नाही.

---

युरोपात शेंगेन देशांत (आपसात सहसा पासपोर्ट न तपासणारे देश) जाणाऱ्यांसाठी : पासपोर्टची तपासणी पहिल्या शेंगेन विमानतळावरच होते, तो वेळ थांब्यात धरा. शेवटच्या शहरात आम्ही पासपोर्ट हातात धरून फिरत होतो, तपासणारं कुणीच नव्हतं!

---

लहान मुलीला घेऊन सिंगापूरला रात्र काढायची या विचाराने मला आठवडाभर आधीपासून धसका. तिथल्या चांगी विमानतळाच्या टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे, अगदी ट्रान्झिटमध्येच, बाहेर पडावं लागत नाही. उजाडल्यावर एक फुलपाखरू तिच्या बाहीवर बसलं आणि ती श्वास रोखून उभी राहिली. पुढच्या विमानात बसायलाच तयार नव्हती.

---

सासू-सासरे लवकरच निघतायत, वयाची सत्तरी पार. दोघांनाही व्हीलचेअर मिळते का? चालता येतं, पण लांबवर नाही.

---

मिळते. तिकीट काढतानाच सांगा, नाहीतर निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा, आणि चेक-इनला पुन्हा विचारून खात्री करा. 'लांबवर चालता येत नाही' एवढं सांगितलं तरी पुरतं. औषधं मात्र हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा.