ड्रायव्हर हाताने अपडेट करणं : गरज की विकतचं दुखणं?

सुटा स्क्रू (धागाकर्ता)

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक लॅपटॉप टेबलावर ठेवता ठेवता एक वाक्य हमखास बोलतं, "मी फक्त ड्रायव्हर अपडेट केले हो, बाकी कशाला हात लावला नाही." मग कुणाचा आवाज गेलेला असतो, कुणाच्या टचपॅडवर दोन बोटांचं स्क्रोलिंग बंद पडलेलं असतं, तर कुणाचा लॅपटॉप झाकण लावल्यावर झोपतो तो परत उठतच नाही.

माझं मत सरळ आहे. नीट चालणाऱ्या मशीनचे ड्रायव्हर, म्हणजे कीबोर्ड, स्पीकर अशा भागांशी विंडोजला बोलतं करणारी छोटी सॉफ्टवेअरं, हाताने अपडेट करत बसणं ही नसती उठाठेव. विंडोज अपडेट देतंय ते घ्या आणि कामाला लागा.

लोकांना ही खाज सुटते बहुतेक वेळा तारखेवरून. डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली उपकरणांची यादी) उघडायचा, कीबोर्डवर डबल क्लिक करायचं, 'ड्रायव्हर' टॅबवर जायचं. तिथे तारीख दिसते २१ जून २००६. माणूस हादरतो, एवढा जुना? अहो, ती तारीख मायक्रोसॉफ्टने मुद्दाम गोठवलेली आहे. एकाच उपकरणाला दोन ड्रायव्हर सारखेच लागू पडत असतील, तर विंडोज आधी तारीख बघतं आणि नवा उचलतं. विंडोजसोबत येणाऱ्या साध्या ड्रायव्हरवर दर वेळी ताजी तारीख घातली असती, तर लॅपटॉप कंपनीने खास बनवलेला ड्रायव्हर बाजूला पडून हाच बसला असता. म्हणून आतला मजकूर सुधारतो, आवृत्तीचा आकडा वाढतो, तारीख तीच राहते. इंटेलच्या चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांच्या) नोंदींवर तर १८ जुलै १९६८ असतं. त्या दिवशी कंपनी स्थापन झाली! त्या फायलींत चालणारा कोड जवळजवळ नसतोच. 'हा तुकडा अमुक' एवढं नाव त्या विंडोजला सांगतात.

आता 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून जी सॉफ्टवेअरं फिरतात, त्यांचा धंदा याच घाबरण्यावर चालतो. फुकट स्कॅन, लाल अक्षरांत डझनभर 'कालबाह्य' ड्रायव्हर, आणि दुरुस्त करायचे तर पैसे भरा. आणि वर देतात ते त्याच मॉडेलचे असतील याचीही खात्री नाही.

काही बिघडलं असेल, नवं हार्डवेअर बसवलं असेल किंवा कंपनीने सुरक्षेची सूचना काढली असेल, तर जरूर हात लावा. एरवी नाही.

अर्धा चहा

स्क्रूसाहेब, तुमच्या दुकानात बिघडलेलीच मशीनं येणार. ज्यांनी हाताने अपडेट केलं आणि ज्यांचं झकास चाललंय, ते कशाला तुमच्या टेबलापर्यंत येतील? दवाखान्यात बसून गावात सगळेच आजारी आहेत म्हणण्यातली गत झाली.

तारखांचं मान्य. अपडेटरवाल्यांबद्दलही भांडण नाही, ती कीड आहे. पण 'विंडोज अपडेटवर सोडा' हे काही पटलं नाही. मी व्हिडिओ एडिटिंग करतो, ग्राफिक्स कार्ड हे माझं पोट आहे. कार्ड बनवणाऱ्या एएमडीच्या साइटवरून आणलेला ताजा ड्रायव्हर विंडोज अपडेट परस्पर बदलून टाकतं हा प्रकार इतका जुना आहे, की एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळी सूचनाच आहे. 'विंडोज अपडेटने तुमचा ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला असावा, हे सॉफ्टवेअर त्याच्याशी जुळत नाही' अशा अर्थाची. म्हणजे मी काही न करता, हाताची घडी घालून बसलो तरी माझी सेटिंगं गेली. हे थांबवायचं तर विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नावाच्या सेटिंगांत जाऊन 'अपडेटमध्ये ड्रायव्हर नकोत' हे चालू करायचं. होम आवृत्तीवाल्यांना ती खिडकीच दिलेली नाही.

आणि अधिकृत मार्ग सुरक्षित म्हणता ना? ऑक्टोबर २०१४ आठवा. एफटीडीआय ही यूएसबी-सिरियल चिप, म्हणजे जुनी यंत्रं यूएसबीला जोडणाऱ्या वायरींतली चिप, बनवणारी कंपनी. तिने नवा ड्रायव्हर काढला आणि तो आपल्या चिपची नक्कल सापडली की तिचा ओळख क्रमांक पुसून शून्य करायचा. वायर मेली. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तरी मेलेलीच. हा ड्रायव्हर लोकांकडे कुठून पोचला? विंडोज अपडेटमधून. आपल्या बोर्डावर नक्कल चिप आहे हे बिचाऱ्या ग्राहकाला ठाऊकसुद्धा नव्हतं. ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला.

रिकामा डबा

लिनक्स टाका. विषय संपला.

मुळाक्षर

@रिकामा डबा, आलात का! आमच्या डीटीपीच्या टेबलावर कॅननचा एलबीपी २९०० आहे, गल्लीतल्या निम्म्या झेरॉक्सवाल्यांकडेही तोच. तो पोस्टस्क्रिप्ट वगैरे प्रिंटरांची सर्वसाधारण भाषा बोलत नाही, कंपनीची स्वतःची कॅप्ट नावाची भाषा बोलतो. या एकदा, लिनक्सवर चालवून द्या. दुपारचं जेवण माझ्याकडे, लागलं तर रात्रीचंही.

रिकामा डबा

जेवण पक्कं धरतो, प्रिंटरचं बघू. पण मुद्दा खरा आहे. तिकडे बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच (सिस्टीमच्या गाभ्याबरोबरच) येतात, त्यामुळे 'अपडेट करू का' हा प्रश्नच कमी पडतो. एनव्हिडियाचं कार्ड आणि ब्रॉडकॉमचं वायफाय सोडून, हे प्रामाणिकपणे सांगतो.

ओसरीवर

अर्धा चहा यांना +१. आपोआप अपडेटवर विश्वास ठेवणाऱ्यांनी १९ जुलै २०२४ विसरू नये. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक अपडेट आलं आणि जगभर निळे पडदे. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले! त्यापेक्षा माणसाने स्वतः बघून, वाचून, हाताने टाकावं.

तिसरी घंटा

@ओसरीवर, ते उदाहरण इथे बसत नाही. तो विंडोज अपडेटने दिलेला ड्रायव्हर नव्हता. क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर आधीपासून बसलेला होता. कंपनीने परस्पर पाठवलेली माहितीची फाइल त्याने वाचली आणि तो कोसळला. त्या फाइलच्या नावाला ड्रायव्हरला असतं तसं 'सिस' शेपूट होतं म्हणून लोकांना ती ड्रायव्हर वाटली, एवढंच. ८५ लाख मशीनं हा मायक्रोसॉफ्टचा अंदाज. आणि ज्या ऑफिसांना फटका बसला तिथल्या कर्मचाऱ्यांना 'वाचून हाताने टाका' असा पर्याय नव्हताच.

मी याच क्षेत्रात आहे, म्हणून वेगळीच बाजू मांडते. तुम्ही दोघंही 'नवा चांगला की जुना चांगला' यावर भांडताय. आम्हाला भीती असते ती मशीनवर विसरून पडलेल्या ड्रायव्हरची. ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, म्हणजे त्याला घरभर कुठेही जायची मुभा. त्यात भोक असेल, तर चोराला स्वतःचा ड्रायव्हर लिहायची गरज नाही. कंपनीची डिजिटल सही असलेला, विंडोजला मान्य असलेला तुमचाच ड्रायव्हर तो वापरतो.

डेलचं प्रकरण बघा. फर्मवेअर (मशीनच्या चिपांतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करताना जो छोटा ड्रायव्हर उतरायचा त्यातली भोकं मे २०२१ मध्ये जाहीर झाली. तो ड्रायव्हर २००९ पासून वाटला जात होता, शेकडो मॉडेलांवर. आणि तिथे नुसता नवा टाकून भागत नव्हतं, जुनी फाइल काढून टाकावी लागत होती. २०२२ मध्ये तर गेनशिन इम्पॅक्ट या गेमचा फसवेगिरी रोखणारा ड्रायव्हर वापरून खंडणीखोरांनी अँटिव्हायरस बंद पाडल्याचं उघड झालं. गेम मशीनवर असायचीही गरज नव्हती, ड्रायव्हरची फाइल ते स्वतःच घेऊन यायचे. म्हणून 'चालतंय ना, मग राहू दे' हा सल्ला मी कुणाला देणार नाही.

घरी बसून एवढं करा. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन. तिथलं 'मेमरी इंटिग्रिटी', म्हणजे कर्नलचं संरक्षण, चालू करून बघा. अडून बसलं तर विसंगत ड्रायव्हरची यादी देतं. त्या यादीत पाच वर्षांपूर्वी फेकून दिलेल्या वेबकॅमचा, नाहीतर पंख्याचे दिवे रंगवणाऱ्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर हटकून निघतो. उपकरण भंगारात, ड्रायव्हर घरात. तो पीएनपीयूटिल या कमांडने हातानेच काढावा लागतो.

सुटा स्क्रू

@तिसरी घंटा, ताई, काढण्याबद्दल शंभर टक्के सहमत. माझा विरोध टाकण्याला आहे.

@अर्धा चहा, दवाखान्याचा टोला लागला, पण ताजा ड्रायव्हर घ्यायला पहिल्या दिवशी रांगेत उभं राहणाऱ्यांची एक गोष्ट ऐका. मार्च २०१०, एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरची १९६.७५ आवृत्ती. पंख्याचा वेग सांभाळण्यात गडबड होती, पंखा वाढायचाच नाही, कार्डं तापून निघाली. कंपनीने काही दिवसांत तो साइटवरून उतरवला. ज्यांनी आठवडाभर कळ काढली त्यांना हे घडल्याचा पत्ताही नाही. विंडोज व्हिस्टाच्या काळातली मायक्रोसॉफ्टची अंतर्गत आकडेवारी पुढे कोर्टात उघड झाली, त्यात नोंदवलेल्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. आणि ते कंपनीचेच ड्रायव्हर होते बरं का.

अर्धा चहा

आणि ती गडबड मिटली कशाने? पुढच्या ड्रायव्हरने! तुम्ही आजाराचा पुरावा देताय आणि औषधावर बंदी घालताय. २०१० ची गोष्ट काढून आज एडिटिंग सॉफ्टवेअर 'अमुक आवृत्तीपेक्षा जुना ड्रायव्हर चालणार नाही' म्हणून अडतं तेव्हा मी काय सांगू त्याला, स्क्रूसाहेब नको म्हणालेत?

वजनकाटा

आमच्याकडं दूध संकलन केंद्राचं काम असतं, म्हणून लिहितो. काटा आणि फॅट मशीन दोन्ही जुन्या सिरियल पोर्टची. नव्या कॉम्प्युटरला ते भोकच नाही, म्हणून मधे यूएसबीची वायर. पहाटे पाचला रांग लागलेली, किटल्या घेऊन माणसं उभी, आणि स्क्रीनवर वजन येत नाही. काटा ठीक, वायर ठीक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह, आणि वायरीच्या नावाच्या जागी चक्क एक वाक्य. ही चिप २०१२ पासून बंद केली आहे, तुमच्या पुरवठादाराशी संपर्क साधा. इंग्रजीत. कुठला पुरवठादार? बाजारातनं आणलेली वायर ती.

रात्री विंडोजनं आपणहून नवा ड्रायव्हर बसवलेला असतो, आणि तो जुन्या चिपला ओळख दाखवत नाही. उपाय असा. अपडेट ड्रायव्हर, मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक'. यादीत जुनी आवृत्ती दिसते, ती निवडायची. लगेच काटा बोलतो. पोर्टचा नंबर बदलला असंल तर तो परत कॉम ३ नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये जो असंल तो करायचा, हे लोक विसरतात आणि मग म्हणतात ड्रायव्हर चालंना.

तवा माझं मत अर्धा चहांच्या बाजूनं. पण मी हातानं नवा नाही, जुना घालतो. जुन्या ड्रायव्हरची फाइल प्रत्येक केंद्राच्या पेनड्राइव्हवर ठेवलेली असते.

मुळाक्षर

वजनकाटा, हे वाचून बरं वाटलं. सगळी चर्चा गेम आणि लॅपटॉपवरच चालली होती.

एक भर. विंडोज कोरं टाकताना तर हाताने करण्यावाचून गत्यंतरच नसतं. अकराव्या पिढीच्या इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज ११ टाकायला बसलं की डिस्कच दिसत नाही. लोक समजतात एसएसडी गेली. गेलेली नसते. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगांत) व्हीएमडी हा इंटेलचा डिस्क सांभाळणारा भाग चालू असतो आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलरकडे नसतो. तो आधीच पेनड्राइव्हवर उघडून ठेवायचा आणि 'लोड ड्रायव्हर'ने दाखवायचा. पुढे वायफायचं रडगाणं. ड्रायव्हर नेटवर, नेट वायफायवर, वायफाय ड्रायव्हरवर. अँड्रॉइड फोन वायरने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं) चालू केलं की बहुतेक वेळा सुटतं.

सुटा स्क्रू

पण हे सगळं माझ्याच तीन कारणांत बसतं की! बिघडलंय किंवा नवं बसवताय. वजनकाट्यांचं तर मशीन चालतच होतं, आपोआप अपडेटने बिघडवलं, तिथे मी विंडोजच्या बाजूने नाही. अशा उपकरणाचा ड्रायव्हर गोठवून ठेवावा. मायक्रोसॉफ्टचंच 'शो ऑर हाइड अपडेट्स' नावाचं छोटं साधन होमवरही चालायचं, मिळालं तर त्यात ते एक अपडेट लपवून टाका.

ओसरीवर

माझा खरा प्रश्न राहूनच गेला. वडिलांच्या लॅपटॉपला अपडेटनंतर आवाज नाही. रोल बॅक करायला, म्हणजे मागच्या ड्रायव्हरवर परतायला गेलो तर ते बटण राखाडी. दाबताच येत नाही.

सुटा स्क्रू

बटण राखाडी म्हणजे मागची आवृत्ती जपलेली नाही. आधी वजनकाट्यांनी सांगितलेल्या 'लेट मी पिक'च्या यादीत जा. 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' नावाचा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर असेल, तो निवडा. बहुतेक वेळा आवाज तरी येतो. कंपनीची इक्वलायझर वगैरे नाटकं चालणार नाहीत, वडिलांना त्याची गरजही नसावी. मग सावकाश लॅपटॉपच्या खालचा सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर शोधा. रियलटेकच्या साइटवरचा सरसकट ड्रायव्हर नको, स्पीकरची जुळवणी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. आणि काहीही करण्याआधी पीएनपीयूटिलच्या एक्सपोर्टने आत्ताचे सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून ठेवा.

अर्धा चहा

यादीतून हाताने निवडा, साइटवरून हाताने उतरवा, हाताने बॅकअप काढा. धाग्याचं शीर्षक बदलताय का मग?

सुटा स्क्रू

नाही बदलत. @ओसरीवर, आवाज आला का ते कळवा. नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून हार्डवेअर आयडी इथे टाका, 'व्हेंडर'च्या पुढचे चार आकडे-अक्षरं बघून चिप कुणाची ते सांगतो. ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रियलटेक.