सातवा महिना, तोंड सुजलं, डोकं दुखते. ९ तारखेपर्यंत थांबू का?

कपाशीवाला: घाटंजीच्या बाजूले गाव हाय आमचं. बायकोले सातवा महिना लागला, पहिलंच बाळंतपण. आठ दिवसापासून पाय सुजून रायले, कालपासून तोंडही सुजल्यासारखं दिसते, बोटातली अंगठी निघेना तर साबण लावून काढली. आई म्हणते गरवारपणात असंच असते, मीठ कमी कर. आज सकाळपासून डोकं लय दुखते म्हणते. तपासणी ९ तारखेले हाय, थांबलं तर चालते का? मागच्या वर्षी शेजारच्या गावची एक बाई झटके येऊन गेली, लेकरूही गेलं, लोक म्हणे बाहेरचं लागलं, म्हणून धाकधूक हाय.

आशाताई_वऱ्हाड: भाऊ ९ तारीख विसरा, आजच पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नेऊन बीपी मोजा अन् लघवी तपासा. १४०/९० किंवा त्याच्यावर निघालं तर घरी ठेवायचं काम नाही. नुसते पाय बऱ्याच जणींचे सुजतात हो, पण तोंड-हात सुजणं अन् संगं डोकेदुखी, डोळ्यापुढं अंधारी, छातीखाली पोटात दुखणं हे वेगळं. बाहेरचं-बिहेरचं काही नसते, बीपी चढून झटके येतात. आमच्याकडे पहिले भगताकडे नेतात, त्याच्यातच वेळ जाते. १०२ ले फोन करा, नाही लागला तर १०८. कार्ड संगं घ्या.

सिस्टर_चंद्रपूर: ताईंचं बरोबर आहे, आणि दादा, मीठ कमी करून हा बीपी उतरत नाही. झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असतं, पुढे पाठवायच्या आधी पहिला डोस पीएचसीतही देता येतो, तुम्ही विचारा, लाजू नका. या आजारात वारेतून बाळाला रक्त कमी जातं, वाढ खुंटते, कधी वार आधीच सुटते आणि मग दोघांच्याही जीवावर बेततं. हिमोग्लोबिन किती आहे? ७ च्या खाली असेल तर बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तरी बाईला झेपत नाही. सिकलसेलची टेस्ट झाली का तेही बघा, आपल्या विदर्भात ते विसरून चालत नाही.

धारणीकर: वहिनीले विचारा बाळ नेहमीसारखं फिरते का. माह्या बहिणीचं आठव्या महिन्यात हलणं कमी झालं, आम्ही म्हटलं झोपलं असंल, दीड दिवस तसाच काढला, अन् गेलो तवा ठोके नव्हते. आमच्याकडे पीएचसीत माहेरघर हाय, तारीख जवळ आली का बाईनं तिथं येऊन रायचं, पण निंदणाची मजुरी बुडते म्हणून बाया येत नाही. आम्हीच तिले जाऊ दिलं नव्हतं, खोटं काहून सांगू. गाडीची सोय आजच करून ठेवा, १०२ ची वाट पाहत बसू नका.

कपाशीवाला: वाचलं अन् लगेच नेलं. बीपी १६०/११० निघाला, लघवीतही प्रोटीन. सिस्टरनं ते इंजेक्शन अन् बीपीची गोळी देऊन १०२ नं यवतमाळले पाठवलं, आता वार्डाबाहेर बसलो हाय. ठोके ठीक हाय म्हणे, पण घरी नाही सोडत, लवकर बाळंतपण करावं लागू शकते. हिमोग्लोबिन ८.२. आई अंगठी पदराले बांधून बसली, काही बोलून नाही रायली. रक्त लागू शकते म्हणते, यवतमाळात बी पॉझिटिव्हवाले कोणी असाल तर मेसेज करा.