शिष्यवृत्ती मिळाली, टिकली, सुटली : तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

मी एका महाविद्यालयात शिकवते आणि गेली सहा वर्षं शिष्यवृत्ती समितीचं काम माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ऑफिसच्या खिडकीपाशी उभी होती. हातात तडा गेलेला मोबाईल. म्हणाली, "मॅडम, माझा फॉर्म रिजेक्ट झालाय, पण कशामुळे ते कळत नाही." महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, तिचं लॉगिन उघडलं, तर फॉर्म रिजेक्ट नव्हताच, 'सेंड बॅक' होता. उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा जोडला होता. नवा जोडून परत पाठवायचा, एवढंच काम. पण दीड महिना तो अर्ज तिच्याच लॉगिनमध्ये पडून होता, कारण नोंदवलेला मोबाईल नंबर वडिलांचा होता आणि ते सिम केव्हाच बंद झालं होतं.

तिचं काम झालं, मुदत अजून शिल्लक होती. पण घरी जाताना सारखं मनात येत राहिलं, की अशी किती मुलं खिडकीपर्यंत येतच नाहीत. अर्ज कसा भरायचा हे सांगणारे पुष्कळ असतात. मिळालेली शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी कशाच्या जोरावर चालू राहते, कशाने थांबते, थांबली तर कुठे बोलायचं, हे मात्र मुलांना थांबल्यावरच कळतं. म्हणून हा धागा. तुम्ही विद्यार्थी असा, पालक असा, ऑफिसात काम केलेलं असो, जे घडलं ते लिहा. कॉलेजचं किंवा कुणाचं नाव नको. तुम्हाला कोणती अट उशिरा कळली, तेवढं मात्र नक्की लिहा.

ओलीमाती

ताई, माझंच लिहिते. हे घरच्यांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

मी अनुसूचित जातीतली. 2022 साली विनाअनुदानित बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आमचं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. या शिष्यवृत्तीत राज्याचा हिस्सा 40 टक्के आणि केंद्राचा 60 टक्के. केंद्राचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतात. त्यातली फीची रक्कम सात दिवसांच्या आत कॉलेजात भरायची असते. हे शेवटचं वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्जासोबतच्या हमीपत्रावर असेल, मी सही केली असेन. खोटं कशाला बोलू, वाचलं नव्हतं.

पैसे आले त्या आठवड्यात आई दवाखान्यात होती, पित्ताशयाचं ऑपरेशन. खात्यात 31 हजार दिसले. बाबा म्हणाले, "देवानंच धाडले." आम्हाला मनापासून वाटलं की शिष्यवृत्ती म्हणजे शिकणाऱ्या मुलीच्या घराला दिलेली मदत. 26 हजार दवाखान्यात गेले. आई बरी झाली.

पुढच्या सत्रात हॉल तिकिटाच्या वेळी खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, तुझी फी बाकी आहे, सरकारने तुला दिली, तू आम्हाला दिली नाहीस. सगळ्या रांगेसमोर. त्या क्षणी मी चोर ठरले होते. मूळ मार्कशीट आणि टीसी प्रवेशापासून त्यांच्याकडेच होती, ती फी भरल्याशिवाय मिळणार नाहीत असंही सांगितलं.

तीन दिवस कॉलेजला गेले नाही. चौथ्या दिवशी विभागप्रमुख सरांकडे गेले आणि दवाखान्याचं बिल त्यांच्यासमोर ठेवलं. सर काही बोलले नाहीत. एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, "प्राचार्यांना अर्ज लिही. काय झालं ते लिही. दर महिन्याला किती भरू शकशील तेही लिही. आणि दोन प्रती कर." दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला सरांनीच शिकवलं. महिन्याला तीन हजारांप्रमाणे फेड मंजूर झाली. शिवणकाम आणि सुट्टीतली डेटा एंट्री करून नऊ महिन्यांत फेडले. शेवटची पावती अजून पाकिटात आहे.

चूक माझी होती हे मी मान्य करते. पण प्रवेशाच्या दिवशी एका माणसाने एक वाक्य सांगितलं असतं, तर आम्ही ऑपरेशनसाठी मामाकडून उसने आणले असते.

जुना लिपिक

ओलीमाती, बाळ, तुझं वाचून जेवण गेलं नाही. एकतीस वर्षं मी त्याच खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे मूळ कागदपत्रं. प्रवेशाच्या वेळी पडताळणीसाठी बघायची आणि विद्यार्थ्याला परत द्यायची, ठेवायच्या त्या साक्षांकित प्रती. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2018च्या अधिसूचनेत हे स्पष्ट लिहिलं आहे. त्याच अधिसूचनेत प्रवेश रद्द केल्यावर फी किती परत द्यायची तेही आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर 100 टक्के, त्यानंतर पण त्या तारखेपूर्वी 90, तारखेनंतर 15 दिवसांत 80, 16 ते 30 दिवसांत 50, पुढे काही नाही. ही अधिसूचना छापून सोबत ठेवा. मी खिडकीत असताना कागद दाखवणाऱ्याशी वेगळं बोललं जायचं, हे मला लाज वाटूनही कबूल केलं पाहिजे.

दुसरी म्हणजे सरांनी तुला शिकवली ती, पोच. तोंडी सांगितलेलं काही उरत नाही. "साहेब म्हणाले होते" याला फाईलमध्ये जागा नाही. आवक क्रमांक असलेली प्रत असेल तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जाताना तुमच्या हातात काहीतरी असतं.

सध्या आणखी एक घोटाळा होतो आहे. जुलै 2024च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. चांगली गोष्ट झाली. पण घरी समज असा होतो की माफ म्हणजे माफ, आता काही करायचं नाही. तसं नाही. अर्ज दर वर्षी भरावाच लागतो. उत्पन्नाचा दाखलाही लागतो. आणि जूनमध्ये दाखले देणाऱ्या सेतू केंद्रासमोर काय रांग असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा.

पायवाट

माझं प्रकरण मार्कांचं आहे.

बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलो, बीएस्सी फिजिक्स घेतलं, केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळाली. वर्षाला 80 हजार : 60 हजार रोख आणि 20 हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. आमच्या तालुक्यात तेव्हा हे कुणी ऐकलंही नव्हतं. शाळेत सत्कार, नारळ, सगळं झालं.

शिष्यवृत्ती चालू राहायला दर वर्षी 60 टक्के किंवा सीजीपीए (दहापैकी सरासरी श्रेणी) 6 लागतो. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि धास्ती असणं वेगळं. बारावीला 93 टक्के मिळालेल्या मुलाला 60 म्हणजे काय वाटणार? दुसऱ्या सत्रात कावीळ झाली, 40 दिवस गावी होतो. गणिताच्या दोन पेपरांनी दगा दिला. 5.7. त्या वर्षाचे पैसे आले नाहीत.

मला आजही टोचतं ते वेगळंच. परफॉर्मन्स रिपोर्टवर प्राचार्यांची सही घ्यायला गेलो तेव्हा आजारपणाचा दाखला सोबत नव्हता. कुणी मागितला नव्हता, मलाही सुचलं नाही. आजारी पडलो त्याच आठवड्यात कॉलेजला कळवून नोंद करून ठेवली असती, तर निदान विचारायला तोंड राहिलं असतं. सहा महिन्यांनी आणलेल्या सर्टिफिकेटकडे सगळे संशयानेच बघतात.

पुढच्या दोन्ही वर्षी 7च्या वर राहिलो. आता एका संशोधन संस्थेत आहे. उन्हाळ्यात विद्यार्थी येतात तेव्हा पहिल्या दिवशी फिजिक्सच्या आधी मी त्यांना हेच विचारतो : तुझी अट किती आहे आणि तू कुठे आहेस?

निशिगंधा

थोडक्यात लिहिते. तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची (एआयसीटीई) मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती होती, वर्षाला 50 हजार. एका घरातल्या दोनच मुलींना मिळते, उत्पन्न 8 लाखांच्या आत. पहिल्या वर्षी एम-थ्री... नाही, एम-टू (गणिताचा दुसरा पेपर) आणि मेकॅनिक्स राहिला. रडून रडून डोळे सुजले, वाटलं गेली शिष्यवृत्ती. रूममेटने नियम उघडून दाखवला : पुढच्या वर्गात बढती मिळाली पाहिजे. एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन, दुसऱ्या वर्षाला गेले, म्हणजे बढती मिळाली. शिष्यवृत्ती चालू राहिली. त्याच रूममेटला पुढच्या वर्षी वायडी (इयर डाउन, वर्ष वाया) बसला आणि तिची थांबली. मला धीर देणारी तीच, म्हणून ते जास्त लागलं.

जर्सीकर

इथे अमेरिकेतलं लिहिलं तर चालेल ना? नियमांची नावं वेगळी आहेत, पण दुखणं तेच आहे.

आम्ही न्यू जर्सीत, ग्रीन कार्डवर. लेक कम्युनिटी कॉलेजला. फाफ्साचा, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीचा, फॉर्म भरून तिला पेल ग्रँट, म्हणजे परत न फेडायची संघराज्याची मदत, मिळाली. 2024-25ला त्याची कमाल रक्कम 7,395 डॉलर होती. (भारतातून एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्या मुलांना ही संघराज्याची मदत मिळत नाही, हे आधीच सांगते. दर वर्षी कुणीतरी विचारतंच.)

इथे या अटीला 'सॅटिस्फॅक्टरी अकॅडमिक प्रोग्रेस' म्हणतात, सगळे सॅप म्हणतात. तिच्या कॉलेजात त्याचे तीन भाग होते. जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी श्रेणी, 2.0. घेतलेल्या क्रेडिटपैकी (विषयाचं वजन मोजायचं एकक) 67 टक्के पूर्ण झालेली हवीत. आणि पदवी जितक्या क्रेडिटची, त्याच्या दीडपटीच्या आत ती संपली पाहिजे, म्हणजे 60 क्रेडिटच्या अभ्यासक्रमाला 90.

आमची फसगत दुसऱ्या भागात झाली. लेकीला नैराश्य आलं होतं, आम्हाला फार उशिरा कळलं. नापास होण्यापेक्षा विषय सोडलेला बरा, असं तिला वाटलं. सोडलेल्या विषयापुढे 'डब्ल्यू' लागतो, जीपीएला धक्का लागत नाही. पण 'घेतलेल्या' क्रेडिटमध्ये तो मोजला जातो आणि 'पूर्ण झालेल्या'त नाही. दोन सत्रांत 24 घेतली, 12 पूर्ण झाली. 50 टक्के. आधी वॉर्निंगचं पत्र. पुढच्या सत्रात 9 घेतली, 6 पूर्ण केली, तरी एकूण 54च. मदत बंद.

अपील करता येतं. आजारपण, घरातला मृत्यू, अशी कारणं ऐकतात. पहिलं पत्र मी लिहिलं. मुलगी किती गुणी आहे, शाळेत किती बक्षिसं होती, कथकच्या परीक्षा दिल्यात. फायनान्शियल एड ऑफिसमधल्या बाईंनी ते वाचून हळूच परत केलं. म्हणाल्या, दोनच गोष्टी हव्यात : काय झालं आणि आता काय बदललंय. दुसरं पत्र लेकीने स्वतः लिहिलं. 'मला सकाळी उठवत नव्हतं' हे वाक्य मी पहिल्यांदा त्या पत्रात वाचलं. तिची आई असून.

थेरपिस्टचं पत्र जोडलं, पुढच्या सत्राला दोनच विषय घेतले, एका सत्रापुरती मदत परत सुरू झाली. दोन्ही विषय पूर्ण झाले. आता हळूहळू चाललंय.

सातबारा

जर्सीकर ताई, तुमच्या लेकीला आशीर्वाद. तुमचं वाचून भावाचं आठवलं.

त्याचं शैक्षणिक कर्ज होतं. आमचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, त्यामुळे अभ्यासक्रमाची वर्षं अधिक एक वर्ष, एवढ्या काळाचं व्याज केंद्राच्या योजनेतून. तिसऱ्या वर्षी त्याने कॉलेज सोडलं, पाठीच्या मणक्याचं दुखणं. मधेच शिक्षण सोडलं तर हे व्याज अनुदान बंद होतं. अपवाद फक्त वैद्यकीय कारणाचा, तोही संस्थाप्रमुखाचं समाधान होईल अशी कागदपत्रं असतील तर. भाऊ न सांगता बॅग भरून घरी आला होता. चार महिन्यांनी बँकेचं पत्र आलं तेव्हा मी एमआरआयची फाईल घेऊन कॉलेजला गेलो. चार फेऱ्या, दर फेरीला एक दिवस आणि दोन एसट्या. शेवटी पत्र मिळालं. कॉलेज सोडण्यापूर्वी आम्ही ते मागितलं असतं तर एका दिवसाचं काम होतं.

आणि बहिणीचं : बीए झाल्यावर तिने बीकॉमला प्रवेश घेतला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती एका पातळीला एकदाच, त्याच पातळीचं दुसरं शिक्षण घेतलं तर मिळत नाही. दोन वेगळ्या विषयांत एमए करणाऱ्यांनाही हेच लागू. हे प्रवेश घेतल्यावर कळलं.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचते आहे. ओलीमाती, तुझी परवानगी असेल तर तुझा अनुभव नाव न घेता आमच्या पहिल्या वर्षाच्या स्वागताच्या दिवशी वाचून दाखवीन. सात दिवसांची अट मी आजवर फलकावर लिहायचे. यंदापासून वर्गात जाऊन बोलेन, शक्य झालं तर पालकांसमोर.

ओलीमाती

जरूर वाचा ताई. नाव घेतलंत तरी चालेल.

रात्रपाळी

मी इथे पहिल्यांदाच लिहितोय. बीकॉम दुसरं वर्ष. केंद्राची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 12 हजार, बारावीच्या मार्कांवर मिळालेली. हा धागा वाचून नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरचे नियम काल रात्री पहिल्यांदा नीट वाचले. नूतनीकरणाला 50 टक्के मार्क आणि 75 टक्के हजेरी. मार्कांची काळजी नाही. हजेरी आज सकाळी सरांकडून काढून घेतली : 68.

रात्री गोडाऊनला काम करतो, पहिल्या दोन तासांना पोहोचत नाही. सत्र संपायला अजून सात आठवडे आहेत. सरांबरोबर बसून हिशेब केला. इथून पुढे एकही तास बुडवला नाही तर 77 होतात. सुपरवायझर दादांना दुपारची पाळी मागितली आहे, सोमवारी सांगतो म्हणालेत.