लो-बेड घ्यावा की दुसऱ्याच्याच गाडीवर राहावं? (निपाणी भाग)

अक्कोळचा ड्रायव्हर

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं स्टेअरिंगवर आहे, त्यातली शेवटची तीन लो-बेडवर, म्हणजे अवजड मशीन न्यायच्या बुटक्या ट्रेलरवर. पोकलेन, बॉयलरचे पार्ट, कारखान्याचे मिलचे रोल, सगळं वाहिलंय. मालक चांगला आहे, पगार वेळेवर देतो, तक्रार नाही. पण चाळिशी जवळ आली, आता आपली गाडी असावी असं फार वाटतंय.

संकेश्वरला ओळखीत २०१७ चा पुलर (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि तीन अॅक्सलचा लो-बेड विकायला आहे. दोन्ही मिळून २३ लाख म्हणतोय. माझ्याकडे सात आहेत. बाकीचे १६ फायनान्स, तीन वर्षांसाठी, हप्ता ५५ हजारांच्या आसपास बसतो. जमिनीवर कर्ज काढायचं नाही असं घरात ठरलंय.

गाडी चालवायला येते, धंदा जमेल का ते कळत नाही. एका गाडीवर ओडीसी माल (नेहमीच्या मापाबाहेरचा, मोठा) मारून घर चालतं का? भाडं किलोमीटरवर सांगायचं की टनावर? जे स्वतः करतायत त्यांनी सांगावं.

बावीस टायर (काकती)

भावा, किलोमीटर सोड आणि टन पण सोड. दिवसावर हिशेब लाव. चौदा वर्षं स्वतःच्या एका गाडीवर आहे, त्यातली पहिली पाच वर्षं मी किलोमीटरवर हिशेब करत गेलो आणि दर दिवाळीला सोसायटीचं कर्ज वाढत गेलं.

तुझाच आकडा घेऊ. हप्ता ५५. विमा, टॅक्स, पासिंग, परमिट वाटून महिन्याला १५. हेल्पर १५. टायर पुलरचे १० आणि ट्रेलरचे १२, त्यांच्यासाठी महिन्याला १० बाजूला टाकायलाच लागतात. आणि तू स्वतः चालवणार म्हणून ड्रायव्हरचा पगार धरला नसशील, तो आधी धर, २५. झाले एक लाख वीस हजार. म्हणजे चाक न फिरता गाडी रोज चार हजार खाते. डिझेल, टोल अजून यात नाही.

आता ओडीसीत दिवस कसे जातात ते सांगतो. २०२२ ला आपल्याकडे कारखान्यांत डिस्टिलरी वाढवायची धांदल होती. पुण्याकडून एक टाकी घेतली, चिकोडी तालुक्यातल्या एका कारखान्याची. ड्रॉइंगवर व्यास ३.६ मीटर. माझा डेक, म्हणजे माल ठेवायची फळी, जमिनीपासून ९५ सेंटिमीटर. मी बेरीज केली, साडेचारच्या वर थोडी, म्हटलं जमतंय. टाकी डेकवर बसली, साखळ्या आवळल्या, निघालो. टाकीच्या डोक्यावर चांगलं हातभर नोझल (पाइप जोडायचं तोंड) उभं होतं आणि खाली सॅडल (टाकीची बैठक) होतं, दोन्ही ड्रॉइंगच्या मापात धरलेलं नव्हतं. प्रत्यक्षात उंची पाच मीटरच्या वर. हायवेला काही अडलं नाही. निपाणीतून आत वळलो आणि पहिल्याच गावाच्या वेशीपाशी वायर आडवी आली.

माझा हेल्पर वीस वर्षांचा पोरगा. बांबू घेऊन टाकीवर चढायला निघाला, सगळेच तसं करतात म्हणाला. त्याला हात धरून खाली ओढला. अकरा हजारची लाईन वाळक्या बांबूला पण ओळखत नाही. हेस्कॉमकडे, म्हणजे वीज कंपनीकडे, लाईन बंद करायचा अर्ज कारखान्याच्या माणसाने आधी द्यायला पाहिजे होता, त्याने दिलाच नव्हता. त्यात दोन दिवस गेले. तोवर ऊस सुरू झालेला, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रांगेने, वाट मिळेना, अजून तीन दिवस. हॉल्टिंग (गाडी अडून राहिलेल्या दिवसांचे पैसे) मागितलं तर म्हणाले, कुठं लिहिलंय? आणि खरंच कुठंच लिहिलेलं नव्हतं. पाच दिवसांचे वीस हजार माझ्या अंगावर, आणि बाकी भाडं चार महिन्यांनी.

त्यानंतर मी सीटमागे सर्व्हेवाल्यांची ॲल्युमिनियमची मापपट्टी ठेवलीय. माल बसल्यावर, साखळ्या आवळल्यावर, ट्रेलरमध्ये हवा पूर्ण भरल्यावर सगळ्यात उंच टोकाला पट्टी लावतो, फोटो काढतो आणि पार्टीला पाठवतो, मगच गेट सोडतो. भाडं ठरवतानाच मेसेजमध्ये लिहून घेतो: लोडिंगला एक दिवस, उतरायला एक दिवस, पुढे रोजचे सहा हजार. नाही म्हणणारी पार्टी मी सोडतो. अशा तीन सोडल्या, एकीचाही पश्चात्ताप नाही.

कागदांचं पण नीट समजून घे. नियमात गाडीची रुंदी २.६ मीटर. वीस टनी पोकलेनचे चेन-पट्टेच बहुतेक त्याच्या बाहेर जातात, म्हणजे ज्याला आपण रोजचं मशीन शिफ्टिंग म्हणतो ते पण ओडीसीच. नॅशनल हायवेची परवानगी केंद्राच्या पोर्टलवर मिळते. हायवे सोडून आत वळलास की त्या त्या राज्याच्या रस्त्याची वेगळी, आणि आपलं नशीब असं की कोगनोळीला राज्यच बदलतं. परवानगीशिवाय माल बाहेर आलेला धरला तर दंड २० हजार, वर माल उतरवायचा खर्च. वजन जास्त असेल तर २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. एजंट ‘बघून घेतो’ म्हणेल, त्याच्या भरवशावर निघू नको. रस्त्यावर तू असतोस, तो नसतो.

आणि संकेश्वरची गाडी बघशील तेव्हा ट्रेलरची मान जिथं खाली वळते तिथं रंग खरवडून वेल्डिंग बघ. तिथं नवा रंग असेल तर का आहे ते विचार.

हिशेबवाली, खानापूर

आमचे हे चालवतात, वही मी ठेवते. काकतीच्या काकांचं अगदी बरोबर आहे. मी रोज एक ओळ लिहिते, गाडी चालली की उभी. गेल्या वर्षात एकाही महिन्यात सोळा दिवसांपेक्षा जास्त चाक फिरलं नाही. पावसाळ्यात आमच्याकडे खाणी आणि रस्त्याची कामं बंद, जून ते सप्टेंबर आठ-नऊ दिवसांवर येतं. भाऊ, तुमचा ५५ चा हप्ता आहे तो सोळा दिवसांत बसतो का बघा, तीस दिवसांत नको.

आम्ही लांबचे ओडीसी सोडले. पोकलेनवाले दोन ठेकेदार धरलेत, साठ-सत्तर किलोमीटरच्या आत, रात्री घरी. भाडं कमी आहे पण पैसे मशीन उतरायच्या आधी येतात. २०१९ च्या ऑगस्टात यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं तेव्हा हे माल घेऊन पलीकडे अडकले होते. घरात मुलगी चार महिन्यांची. त्या दिवसांनंतर आम्ही दोघांनी बसून हे ठरवलं.

पंपावर उधारीचं खातं मात्र उघडू नका. त्यातून बाहेर यायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

टिळकवाडी, कर सल्लागार

दोन गोष्टी. दहा किंवा त्यापेक्षा कमी मालगाड्या असणाऱ्याने पॅन आणि तसं लेखी दिलं की ट्रान्सपोर्ट कंपनीने भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. बरेच सिंगल गाडीवाले हे देत नाहीत आणि पैसे अडकवून घेतात.

दुसरं, बारा टनांच्या वरच्या गाडीला ठोक पद्धतीने रिटर्न भरायचं तर महिन्याला टनामागे एक हजार उत्पन्न धरतात. ५५ टनांची असेल तर महिन्याला ५५ हजार, वर्षाला ६ लाख ६० हजार, गाडी उभी असली तरी. खरं उत्पन्न कमी दाखवायचं तर पूर्ण हिशेब आणि ऑडिट लागतं. म्हणून खानापूरच्या ताईंसारखी वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणि गाडीच्या विम्यात माल येत नाही. मालाचा विमा पार्टीने काढला का, त्याची कॉपी मागा.

अक्कोळचा ड्रायव्हर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बायकोला घेऊन बसलो आणि सोळा दिवसांवर हिशेब मांडला. २३ ला बसत नाही. १९ ला, पाच वर्षांच्या हप्त्यावर, बसतो. तेवढंच बोलणार, नाहीतर आहे तिथंच राहणार. निपाणी-चिकोडी भागात पोकलेनवाला एक ठेकेदार ओळखीचा आहे, त्याच्याशी पण बोललोय, महिन्याला सहा-सात फेऱ्या देईन म्हणतो.

काका, रविवारी गाडी बघायला जातोय. तुम्हाला संकेश्वरला यायला जमेल का?

बावीस टायर (काकती)

येतो की. सकाळी सातला पोहोचतो. त्याला एवढंच सांग, आम्ही यायच्या आधी गाडी स्टार्ट करू नको. इंजिन गार असताना पहिला सेल्फ माझ्यासमोर मारायचा.