‘वाचला’ म्हणजे नेमकं काय झालं?

भाषांतराचा हमाल :
एका आरोग्य-मासिकासाठी ब्रिटनमधल्या ‘पॅरामेडिक-२’ या चाचणीवरचा मजकूर मराठीत आणतोय. हॉस्पिटलबाहेर, म्हणजे घरात, रस्त्यावर, ऑफिसात हृदय अचानक बंद पडलेल्या ८,०१४ जणांवर ही चाचणी झाली. डिसेंबर २०१४ ते ऑक्टोबर २०१७ या काळात पाच रुग्णवाहिका सेवांनी ४,०१५ जणांना ॲड्रेनलिन (हृदय पुन्हा चालू व्हावं म्हणून टोचायचं औषध) दिलं आणि तुलनेसाठी ३,९९९ जणांना नुसतं मिठाचं पाणी. निष्कर्ष २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले.

माझी गाडी ‘वाचले’ या शब्दावर अडलीय. ‘ॲड्रेनलिन दिलेल्यांपैकी अमुक टक्के वाचले’ असं लिहून टाकलं होतं. मग तक्ते नीट पाहिले तर तिथे वाचण्याचे तीन-चार वेगवेगळे प्रकार निघाले आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. मराठीत यांना काय म्हणायचं? ‘अतिजीविता’ हा परिभाषा-छाप शब्द सुचवू नये ही नम्र विनंती.

दुसरा प्रश्न : ‘कार्डियाक अरेस्ट’ला काय लिहू? पेपरात सगळीकडे ‘हृदयविकाराचा झटका’च असतो.

तिरकस :
अरेस्ट म्हणजे अटक. ‘हृदयास अटक, जामीन नामंजूर’.

जुना संस्कृत मास्तर :
विनोद सोडा, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. झटका हा झटका, बंद पडणं हे बंद पडणं. झटक्यात रक्तवाहिनी तुंबते. माणूस घामाघूम होतो, छातीवर हात धरतो, पण बोलत असतो. ‘अरेस्ट’मध्ये हृदयाचं काम थांबतं आणि माणूस कोसळतो. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं, पण ती एक गोष्ट नव्हे. ‘हृदय बंद पडणे’ किंवा लेखी ‘हृदयक्रिया बंद पडणे’ एवढं पुरे. आपल्याकडे बायामाणसं ‘हार्टफेल झालं’ म्हणतात, त्यात हे सगळंच कोंबलेलं असतं. तो शब्द मात्र टाळा, कारण डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ तिसराच आहे.

जाता जाता. ब्रिटिश ज्याला ॲड्रेनलिन म्हणतात त्यालाच अमेरिकन एपिनेफ्रिन म्हणतात. एक लॅटिन, एक ग्रीक, अर्थ दोन्हींचा एकच : मूत्रपिंडावरचं. आपल्या परिभाषेत त्या ग्रंथीला ‘अधिवृक्क’ म्हणतात. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, अधि म्हणजे वर. तिन्ही भाषांनी एकाच जागी बोट ठेवलंय. तुम्ही अर्थातच ॲड्रेनलिन लिहा. ‘अधिवृक्कस्राव टोचला’ असं लिहिलंत तर वाचक पळून जाईल.

कॅज्युअल्टीतली सिस्टर :
वीस वर्षं कॅज्युअल्टीत काढलीत. (हाच शब्द बघा. बाहेर पाटी ‘अपघात व आपत्कालीन विभाग’, आणि रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत सगळे म्हणतात ‘कॅज्युअल्टी कुठेय?’) ‘वाचले’बद्दल मला बोलायचंय.

आम्ही आत छातीवर दाब देत असतो, विजेचा शॉक देतो, इंजेक्शनं चालू असतात. मग मॉनिटरवर काहीतरी दिसतं, मानेला बोटं लावली की ठोका लागतो. त्या क्षणाला आमच्यात एकच वाक्य असतं : ‘नाडी लागली.’ वाचला म्हणत नाही कोणी. एकदा मी दार उघडून मुलाला तेच सांगितलं, नाडी लागलीय म्हणून. त्याने माझ्यासमोर गावाकडे फोन लावला : ‘आबा वाचले.’ मी तिथेच उभी होते आणि काही बोलले नाही. आबा तिसऱ्या दिवशी गेले. तेव्हापासून मी ‘नाडी लागलीय, पुढचं आत्ता सांगता येत नाही’ असं सबंध वाक्य बोलते, एका श्वासात.

तर तुमच्या तक्त्यात नाडी लागण्याचा आकडा असेलच. तो वेगळा काढा.

भाषांतराचा हमाल :
सिस्टर, आहे ना! आणि तोच सगळ्यात मोठा आहे. ॲड्रेनलिन दिलेल्यांत ३६.३ टक्क्यांची नाडी लागली, मिठाच्या पाण्यावर ११.७ टक्क्यांची. तिपटीहून जास्त. पण तीस दिवसांनी जिवंत किती, तर ३.२ टक्के आणि २.४ टक्के. माणसांत सांगायचं तर १३० आणि ९४.

तिरकस :
म्हणजे इंजेक्शनने नाडी लागली आणि लागलेली नाडी महिनाभरात बहुतेकांची गेली. हे मराठी पेपरात ‘उपचारादरम्यान मृत्यू’ या दोन शब्दांत बसतं.

कॉव्हेंट्रीकर :
ही चाचणी आमच्या शेजारच्या वॉरिक विद्यापीठाने चालवली होती, म्हणून लिहितो. ‘मिठाचं पाणी’ हा शब्द बदलू नका, कुणी कितीही ‘सलाइन’ लिहायला सांगितलं तरी. मूळ इंग्रजीत सलाइनच आहे, पण आपल्या लोकांना सलाइन म्हणजे औषधांचा राजा. माझी आजी तालुक्याच्या डॉक्टरकडे जाऊन ‘एक सलाइन लावा’ अशी ऑर्डर द्यायची आणि बाटली संपेपर्यंत निम्मी बरी व्हायची. ‘उरलेल्यांना सलाइन देण्यात आले’ असं छापलंत तर अर्धे वाचक समजतील की खरी ट्रीटमेंट त्यांनाच मिळाली.

दुसरं, कुणाला काय द्यायचं याच्या चिठ्ठ्या टाकण्याबद्दल काय लिहिलंय? ‘यादृच्छिक’ लिहिलं असाल तर काढा. रुग्णवाहिकेत सारखी दिसणारी, नंबर घातलेली पाकिटं होती. आत भरून ठेवलेल्या सिरिंज, एका पाकिटात सगळ्या ॲड्रेनलिनच्या नाहीतर सगळ्या मिठाच्या पाण्याच्या. हाताला येईल ते पाकीट फोडायचं. कोणतं आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. इंग्रजीत याला ‘दोन्हीकडून आंधळी’ चाचणी म्हणतात, तेवढं शब्दशः आणू नका.

जुना संस्कृत मास्तर :
‘झाकल्या मुठीची चाचणी’. आपल्याकडे हा शब्दप्रयोग तयारच आहे आणि कुणाला आंधळं म्हणावं लागत नाही. ‘यादृच्छिक’ला मात्र माझा विरोध नाही. यदृच्छा म्हणजे सहजगत्या, आपोआप घडणं. शब्द चांगला आहे, आपण वापरून वापरून अवघड केलाय.

तिरकस :
मास्तर, वापरून अवघड होतो की न वापरून?

पण मला वेगळंच खटकतंय. बेशुद्ध माणसाला विचारणार कोण? त्याची संमती कुणी घेतली?

कॉव्हेंट्रीकर :
त्यावर इथे बरंच बोललं गेलं. हृदय बंद पडलेल्याला फॉर्म दाखवता येत नाही आणि नातेवाइकाला समजावत बसायला वेळ नसतो. तेव्हा आधी उपचार, आणि जे वाचले त्यांना नंतर सांगून पुढच्या माहितीसाठी परवानगी, असा कायद्यात बसणारा मार्ग घेतला. ज्यांना आधीपासूनच यात पडायचं नव्हतं, त्यांना मागितल्यावर पोलादी कडं मिळायचं. त्यावर कोरलेलं असायचं ‘नो स्टडी’.

जुना संस्कृत मास्तर :
मग इथे ‘संमती’ शब्द जपून. संमती म्हणजे मत जुळणं. त्याला मत देणारा शुद्धीवर हवा. हमाल, तुम्ही ‘मागाहून परवानगी’ लिहा. आणि कडं घालणाऱ्यांना ‘असंमत’ वगैरे नको, ‘हरकत नोंदवलेले’ म्हणा. सरकारी ऑफिसात ‘ना हरकत’ दाखल्यासाठी चपला झिजवलेल्या प्रत्येकाला तो शब्द पाठ आहे.

भाषांतराचा हमाल :
कडं, हरकत, पाकीट, झाकली मूठ सगळं घेतलं. आता मूळ दुखणं. तीस दिवस जिवंत राहिलेल्यांना काय म्हणू? ‘तगले’ कसं वाटतं? नाहीतर ‘बचावले’?

जुना संस्कृत मास्तर :
‘तगणं’ रोपाला, दुष्काळातल्या गुराला. माणसाला लावलं की थोडी हेटाळणी येते : ‘तगून आहे म्हातारा’. ‘बचावणं’ अपघातातून, संकट टळून गेल्यावर. इथे संकट टळलेलंच नाही. ‘तीस दिवसांनी जिवंत होते’ असं सरळ लिहा.

भाषांतराचा हमाल :
ठीक. आता शेवटचा आणि सगळ्यात नाजूक आकडा. जे जगले आणि ज्यांच्या अवस्थेची नोंद मिळाली, त्यांच्यापैकी मेंदूला जबर इजा झालेले ॲड्रेनलिनच्या गटात १२६ पैकी ३९, म्हणजे ३१ टक्के. मिठाच्या पाण्याच्या गटात ९० पैकी १६, १७.८ टक्के. चांगल्या अवस्थेत हॉस्पिटलातून घरी गेलेले २.२ आणि १.९ टक्के. हा फरक इतका बारीक की त्यावरून औषधाचा गुण ठामपणे सांगता येत नाही. पण ‘मेंदूची अनुकूल स्थिती’ असलं काहीतरी लिहावं लागतंय आणि ते वाचून मलाच चक्कर येते.

कॅज्युअल्टीतली सिस्टर :
ही मोजणी ‘मॉडिफाइड रँकिन’ पट्टीवर केलीय ना? शून्य ते सहा, सहा म्हणजे मृत्यू. पक्षाघाताच्या पेशंटसाठी आम्हीही तीच भरतो. तिला भाषांतर कशाला हवंय? भेटायला आलेली बाई दारातून जो प्रश्न विचारते ना, त्याच्या उत्तरात सगळी पट्टी आहे.

‘पहिल्यासारखी आहे’ हे शून्य. ‘जरा विसरते, पण कामं करते’ हे एक. ‘आधीची कामं होत नाहीत, पण आपलं आपण करते’ हे दोन. ‘थोडी मदत लागते, पण हिंडूनफिरून आहे’ हे तीन. ‘धरून चालवावं लागतं’ हे चार. ‘सगळं जागेवर’ हे पाच.

या चाचणीत रेघ तीन आणि चारच्या मधे मारलीय. कुणाचा आधार न घेता चालता येतं तिथपर्यंत चांगलं, त्यापुढे जबर इजा. म्हणजे तुमचा ‘मेंदूची अनुकूल स्थिती’ आपल्या भाषेत ‘हिंडताफिरता’ झाला. आकडे लावून बघा : १२६ मधून ३९ वजा केले, ८७ हिंडतेफिरते. ९० मधून १६ वजा केले, ७४ हिंडतेफिरते. दोन्ही गटांत मिळून आठ हजार माणसं होती, हे विसरू नका.

तिरकस :
आज पहिल्यांदा टोमणा सुचत नाहीये.

कॉव्हेंट्रीकर :
सिस्टरांना शंभर मार्क. त्याच लेखात आणखी एक हिशेब आहे, हमाल, तो गाळू नका. ॲड्रेनलिनने एक मृत्यू टाळायचा तर ११२ जणांना द्यावं लागतं. त्याउलट हृदय बंद पडलंय हे लगेच ओळखलं तर दर ११ जणांमागे एक, शेजारच्या माणसाने छातीवर दाब दिला तर दर १५ मागे एक, आणि लवकर शॉक मिळाला तर दर ५ मागे एक.

शॉकबद्दल नंतर २०२२ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातून चांगलं काम आलंय. तीन शॉक देऊनही हृदयाची फडफड थांबत नव्हती अशा ४०५ जणांवर. नेहमीसारख्याच जागी शॉक देत राहिलं तर १३.३ टक्के जिवंत घरी गेले. शॉकचे पॅड छाती-पाठीवर हलवून दिला तर २१.७, आणि दोन मशीन लावून एकामागोमाग एक दिला तर ३०.४.

कॅज्युअल्टीतली सिस्टर :
‘फडफड’ अगदी बरोबर शब्द. लोक ‘धडधड’ लिहितात. धडधड जिवंत माणसाची असते, फडफडीत रक्त पुढे जातच नाही.

आणि ‘शॉक’वरून आठवलं. आम्ही ‘पेशंट शॉकमध्ये गेलाय’ म्हणतो तेव्हा बीपी पार खाली आलेलं असतं. नातेवाईक म्हणतात, ‘अहो, त्यांना सांगितलं कुणी? घरातली वाईट बातमी आम्ही लपवून ठेवली होती.’

भाषांतराचा हमाल :
कच्चा मसुदा टाकतोय, फाडा :

‘हृदय बंद पडल्यावर ॲड्रेनलिन दिलेल्या दर शंभरांतल्या सुमारे ३६ जणांची नाडी लागली, नुसतं मिठाचं पाणी दिलेल्यांत सुमारे १२ जणांची. तीस दिवसांनी मात्र शंभरांत अनुक्रमे तीन आणि दोनच्या आसपास माणसं जिवंत होती. हिंडतीफिरती होऊन घरी गेलेली माणसं दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच, शंभरांत दोन. ॲड्रेनलिनने जास्त जीव राखले, पण राखलेल्यांत अंथरुणाला खिळलेलेही जास्त होते.’

जुना संस्कृत मास्तर :
छान. ‘अनुक्रमे’ काढा. तो आला की वाचक दोनदा मागे जातो.

कॅज्युअल्टीतली सिस्टर :
‘अंथरुणाला खिळलेले’ नको. चार नंबरवाले खिळलेले नसतात, त्यांना धरून संडासपर्यंत नेता येतं. घरच्यांना तो फरक फार मोठा असतो.

भाषांतराचा हमाल :
मग ‘परावलंबी’?

कॅज्युअल्टीतली सिस्टर :
पेन्शनीच्या फॉर्मसारखं वाटतं. ‘उठायला-चालायला दुसऱ्याचा हात लागणारे’ असं लिहा. लांब होईल, होऊ दे.